वरच्या हॉलच्या सोळा झडपा

आमच्या घराण्याचं नाव कुठल्या ऐतिहासिक वास्तूशी जोडलं जाईल असं मला कधी वाटलं नव्हतं. आजोबा कोकणातून येऊन गिरणीत लागले, बाबा गिरणीत लागले, आणि मी लागायच्या आधी गिरणीच बंद पडली. तरीसुद्धा परळच्या एका जुन्या काळ्या दगडाच्या इमारतीचा श्वास आम्ही बापलेकांनी मिळून कोंडला. बाबांनी आधी, मी नंतर. दोघांनीही मन लावून.

ही इमारत म्हणजे तांत्रिक शिक्षण देणारी आमची संस्था. मी तिथे इमारत विभागात हेडक्लार्क आहे. माझ्या हाताखाली एक क्लार्क होता, तो निवृत्त झाला, त्याची जागा भरली नाही. त्यामुळे आता मी स्वतःलाच आदेश देतो आणि स्वतःच ते टाळतो.

इमारतीला खाली दगडी कमानी, वर सागवानी जिना, त्याच्यावर मंगलोरी कौलं. दुसऱ्या मजल्यावर एक लांबच लांब हॉल. दिवसा तिथे पोरं ड्रॉइंग काढतात आणि संध्याकाळी पाचनंतर आसपासच्या चाळींतली मुलं अभ्यासाला बसतात. ही अभ्यासिका गिरण्यांच्या संपाच्या वर्षी सुरू झाली, ती आजपर्यंत आहे. ती राहणार की तिला कुलूप लागणार, हे ज्या उन्हाळ्यात ठरायचं होतं त्या उन्हाळ्याची ही गोष्ट.

पण आधी संपाकडे जावं लागेल.

संप लागला तेव्हा मी नववीत होतो. लालबागला आमची दहा बाय बाराची खोली, माणसं सात. त्यातले बाबा दिवसा घरात कधी दिसायचेच नाहीत. पहिली पाळी असेल तर आम्ही उठायच्या आत गेलेले, दुसरी असेल तर आम्ही शाळेतून यायच्या आत गेलेले. संप लागला आणि सगळ्या चाळीतले बाप एकदम घरी आले. ते खोलीत मावेनात. गॅलरीत बसायचे, कठड्याला टेकायचे, परत आत यायचे, माठातलं पाणी प्यायचे, परत बाहेर. आई म्हणायची, "जरा एका जागी बसा की." बाबा म्हणायचे, "बसलंय मा!" आणि उठायचे. आम्हा पोरांना पुस्तक उघडायला जागा उरली नाही. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यातून निघालं आणि संस्थेने संध्याकाळी वरचा हॉल गिरणीवाल्यांच्या मुलांना उघडून दिला.

मी पहिल्या दिवसापासून जात होतो. माझं अभ्यासावर प्रेम होतं असं नाही. तिथे पाय पसरता यायचे. सुरुवातीला तो हॉल मला गार वाटल्याचं आठवतं. इतका वारा, की माझा भूमितीचा एक कागद उडून थेट मुलींच्या बाकावर गेला होता आणि तो मागायला जायची हिंमत न झाल्यामुळे ते प्रमेय माझं कायमचं राहिलं. पुढे हॉल तापू लागला. मी समजलो, नवलाई संपली.

वर्ष उलटलं तरी संप मिटेना. गावी जाऊन आलेली माणसं परत आली, परत गेली. अशात बाबांना त्याच संस्थेत हंगामी शिपायाची नोकरी मिळाली. दोन साचे, म्हणजे माग, सांभाळणारा विणकर खाकी कपडे घालून घंटा वाजवू लागला. त्यांच्याकडे वरचा हॉल दिला होता. म्हणजे मी जिथे घरातून सुटून जायचो, तिथेच माझे बाबा संध्याकाळी सातपर्यंत दारात स्टुलावर. सुटायची माझी जागाही गेली.

पण एक सांगायला हवं. हॉल तापतो म्हणून बाबा जे करायचे ते दुसऱ्या कुठल्या शिपायाने केलं नसतं. गोणपाटं भिजवून खिडक्यांना लावायचे. झारीने फरशीवर पाणी मारायचे. दोन माठ भरून ठेवायचे, त्यात वाळा घालायचे. परीक्षा जवळ आली की पुठ्ठा घेऊन शेवटच्या बाकावरच्या मुलांना वारा घालत उभे राहायचे. मुलं त्यांना "काका, इकडे, इकडे" म्हणायची. मला लाजेने मेल्यासारखं व्हायचं. बाबा माझ्याकडे कधी वारा घालत आले नाहीत. एकदा मी घरी विचारलं, तर म्हणाले, "तुका वारो लागलो तर झोपशीत." ते खरंच होतं.

पुढे ते कायम झाले. संपातून आलेल्यांपैकी फार थोडे कुठे कायम झाले. आणि काही वर्षांनी मीही तिथेच चिकटलो, कनिष्ठ लिपिक म्हणून. माझ्या हातून गेलेलं पहिलं मोठं काम म्हणजे वरच्या हॉलचं प्लायवुडचं छत. हॉल तापतो अशी तक्रार होती. कौलांचा ताप खाली येऊ नये म्हणून मध्ये प्लायवुड ठोकावं, अशी टिपणी मी तयार केली. 'तापमान सुसह्य होईल' हे वाक्य माझं होतं. त्याचा मला अभिमान होता. छत झालं आणि हॉल पहिल्यापेक्षा जास्त तापू लागला. मग पंखे वाढवले. पंखे तोच ताप फिरवून फिरवून सगळ्यांना सारखा वाटू लागले.

आता त्या उन्हाळ्याकडे येतो.

बाबा निवृत्त होऊन खूप वर्षं झाली होती. ऐंशीच्या घरातले, कान शाबूत, गुडघे गेलेले. मी पन्नाशी ओलांडलेला, पोट माझ्यापुढे चालणारा. इमारत आता हेरिटेज यादीत होती. त्याच वेळी संस्थेला 'ग्रीन बिल्डिंग' म्हणून प्रमाणपत्र हवं होतं. म्हणजे एकाच म्हाताऱ्या बाईला तिच्या लग्नातला शालूही नेसवायचा होता आणि धावायच्या शर्यतीतही उतरवायचं होतं. त्यासाठी समिती नेमली. तिचा सचिव मी. सचिव म्हणजे ज्याला दोन्ही बाजू खोलीबाहेर गाठून "तुम्ही तरी त्यांना समजवा" असं म्हणतात तो.

एका बाजूला जुन्या वास्तू जपणाऱ्या आर्किटेक्ट बाई. केस पिकलेले, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात भिंग. त्या भिंतीला हात लावायच्या आधी परवानगी मागितल्यासारख्या थांबायच्या. दुसऱ्या बाजूला वीज वाचवणारा तरुण इंजिनियर. त्याच्याकडे बंदुकीसारखं एक यंत्र होतं. ते जिकडे रोखेल तिकडची उष्णता आकड्यात दिसायची. एकदा त्याने ते माझ्या डोक्यावर रोखलं, आकडा बघितला आणि यंत्र बंद करून ठेवलं.

इंजिनियरचं म्हणणं, हॉलला दुहेरी काच बसवा, फटी बुजवा, चांगल्या जातीचा एसी लावा. बाई म्हणायच्या, "ह्या खिडकीतला एक खिळासुद्धा बदलायचा नाही."

"मॅडम, मग मुलं भाजतील."

"शंभर वर्षांत भाजली नाहीत ती?"

"तेव्हा शेजारी टॉवर नव्हते मॅडम. वारा यायचा."

"वारा अजूनही येतो. तुम्ही खिडकीत उभे तरी राहिलात का?"

"राहिलो. येतो. पण आत शिरत नाही. दारातून बघून परत जातो. का, ते मला सांगा."

हे बाईंनाही सांगता येईना. मी इतिवृत्तात लिहिलं: 'चर्चा झाली.'

शेवटी प्राचार्य कंटाळले. म्हणाले, "हॉल वापरण्यालायक करता येत नसेल, तर वापरू नये. वास्तू म्हणून जपू. आत जुनी यंत्रं मांडून ठेवू आणि कुलूप लावू. दिवसाचे वर्ग नव्या इमारतीत जातील."

मी विचारलं, "आणि संध्याकाळची मुलं, सर?"

"नव्या इमारतीत संध्याकाळी एसी बंद असतो. खिडक्या उघडत नाहीत. तिथे त्यांना कसं बसवणार?" ते खरोखर वाईट वाटून म्हणाले. "मे अखेरच्या बैठकीत दोघांचा अहवाल येऊ दे. मग ठरवू."

दोन्ही तज्ज्ञांचं पहिल्यांदा एकमत होण्याची चिन्हं होती, आणि ते कुलपावर.

बैठकीच्या आठवडाभर आधी इंजिनियरला छताच्या वर काय आहे ते बघायचं होतं. जिन्याच्या मागे भिंतीला उभी शिडी आणि तिच्या डोक्यावर एक चौकोनी भोक आहे, तिथून माळ्यावर जाता येतं. बाई खारीसारख्या वर गेल्या. त्यांच्या मागून मी. इंजिनियर सर्वात खाली, टॉर्च घेऊन.

माझं डोकं वर गेलं, खांदे गेले, एक हात गेला. त्या हातात फाईल होती. पुढचं काही गेलं नाही.

"जा ना वर, साहेब," खालून आवाज आला.

"जातोय."

"मग?"

"अडकलोय."

ज्याने ते भोक केलं त्याने इमारत विभागाचा हेडक्लार्क वर येईल अशी कल्पना केली नसावी. मी खाली उतरायचा प्रयत्न केला तर शर्ट वर सरकून काखेत गोळा झाला आणि मी आणखी घट्ट बसलो. इंजिनियरने खालून खांदा लावला. बाई वरून म्हणाल्या, "जोर नका लावू, चौकट जुनी आहे!" माझ्या जुनेपणाचा विचार कुणी केला नाही.

"दोन मिनिटं थांबा," बाई म्हणाल्या आणि मला तसंच ठेवून पुढे गेल्या. मग त्या दोघांचं बोलणं माझ्या अंगावरून वरखाली सुरू झालं.

"हे बघा काय सुंदर आहे!" बाई. "कौलांच्या कण्यावर लाकडी झडपांची रांग आहे. दोन्ही बाजूंना आठ आठ. बाहेरून आपण ही नक्षीची पट्टी समजत होतो."

"झडपा आहेत? म्हणजे उघडतात?" इंजिनियर माझ्या कमरेशी ओरडला.

"दोऱ्या आहेत. काथ्याच्या. कप्प्यांवरून आलेल्या. पण..."

त्या 'पण'च्या वेळी माझे डोळे अंधाराला सरावले. माझं नाक माळ्याच्या फळीपासून वीतभर होतं आणि नाकासमोर पहिल्या झडपेच्या दोन दोऱ्या होत्या. एक उघडायची, एक मिटायची. दोघींची टोकं एकमेकींना बांधून टाकली होती, म्हणजे कुठलीही ओढली तरी झडप हलणार नाही. आणि झडपेच्या फटीत सुताचा कचरा ठासून भरला होता. गिरणीत यंत्रं पुसायला वापरतात तो, राखाडी, तेलकट पडलेला. आमच्या घरी मोरीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं त्यानेच पुसलं जायचं.

आणि गाठ. ती गाठ मी हजार वेळा बघितली होती. चड्डीच्या नाडीला, पतंगाच्या मांज्याला, गावी न्यायच्या बोचक्याला. साच्यावर धागा तुटला की विणकर डोळ्यांचं पातं लवायच्या आत जी मारतो ती. आमच्या बाबांना दुसरी गाठ येतच नव्हती.

एका क्षणात सगळं कळत गेलं. साचेखात्यात वारा चालत नाही. हवा कोंडून, दमट ठेवायची, वर वाफ सोडायची. कोरडा वारा शिरला की उभे धागे पटापट तुटतात, आणि तुटले की मुकादम अंगावर येतो. वीस वर्षं ज्या माणसाच्या अंगात हे भिनलं, त्याला एक मोठा हॉल सांभाळायला दिला आणि वर वाऱ्याने हलणाऱ्या सोळा झडपा दिसल्या. त्याने काय केलं असेल? चांगल्या कामगाराने करावं तेच केलं. फटी बुजवल्या, दोऱ्या बांधल्या आणि खाली येऊन हात झटकले असतील.

त्याच्याखाली मी, वर एकदाही न बघता, प्लायवुड ठोकून घेतलं. 'तापमान सुसह्य होईल.'

"पण ह्या गाठी बघा," बाई माझ्या कानाशी बसून सांगत होत्या. "सोळाच्या सोळा एकसारख्या. फटीही कापसाने बंद. हे मूळ कारागिरांचंच काम दिसतं. म्हणजे झडपा शोभेच्या होत्या, उघडायच्या नव्हत्याच."

"मग माझा प्रश्न मिटला," खालून आवाज. "हॉल पहिल्यापासून असाच. काही करता येणार नाही."

"मी तसं अहवालात लिहिते."

"एक दोरी कापून बघू का?"

"अजिबात नाही! त्या गाठी अभ्यासायच्या आहेत मला."

मी तोंड उघडलं. पण ह्या गाठी मारणाऱ्या माणसाच्या निरोप समारंभात, ह्याच हॉलमध्ये, तेव्हाचे प्राचार्य म्हणाले होते की वरचा हॉल ह्यांनी देवळासारखा सांभाळला. ते वाक्य बाबा अजून पाहुण्यांना सांगतात. मी तोंड मिटलं, आणि बाईंनी वरून ढकलून, इंजिनियरने खालून ओढून मला सोडवलं. शर्टाची दोन बटणं माळ्यावर राहिली. तीही आता जपली जातील.

दोन दिवस मी घरी तो बटणं तुटलेला शर्ट मांडीवर घेऊन बसायचो. बायको म्हणाली, "अहो, शर्ट फाटल्याचं एवढं दुःख?" मी तिला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "मुलांच्या हॉलला कुलूप लागेल हे बाबांना सांगितलंत?"

"ते सांगितलं तर बाकीचंही सांगावं लागेल."

"मग नका सांगू. रोज संध्याकाळी त्या मुलांच्या समोरून घरी येता ना, तसेच येत जा." आणि ती मोरीत गेली. हिचं असं असतं.

मुलांच्या समोरून मी येतच होतो. पाचला मी निघायचो तेव्हा ती जिन्याने वर येत असायची, पाठीवर दप्तरं, हातात पाण्याच्या बाटल्या. आता ती गिरणीवाल्यांची नातवंडं होती, आणि काही तर उत्तरेकडून आलेल्या टॅक्सीवाल्यांची. खोल्या मात्र तेवढ्याच. अंग चोरून मी त्यांना वाट द्यायचो आणि वाटायचं, माळ्याच्या भोकातून मी अजून सुटलेलोच नाही.

तिसऱ्या संध्याकाळी बाबा गॅलरीत खुर्ची टाकून बसले होते. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. रस्त्यापलीकडे आमच्या जुन्या गिरणीच्या जागी उभा राहिलेला काचेचा टॉवर ऊन परत आमच्याच अंगावर फेकत होता.

"बाबा, वरच्या हॉलच्या झडपा..."

ते वळले नाहीत. टॉवरकडेच बघत राहिले. मग म्हणाले, "गावल्या?"

"सापडल्या म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"मियांच बांधलंय. माका म्हायत नसतला तर कोणाक?"

"तसं नाही. त्यामुळे हॉल तापतो हे माहीत होतं?"

"पयल्या वर्साक नाय. वारो येता, कागद उडतत, म्हणान बंद केलंय. साच्यार असतंय तसो." ते हातावरची शीर दाबत बसले. "दुसऱ्या मे महिन्यात कळला. पोरां घामान भिजान गेली. मी म्हटलंय, आता उघडूया."

"मग?"

"त्याच दिसा मोठो सायब इलो. सगळ्यांसमोर माका उभो केल्यान आणि म्हणालो, ह्या माणसाच्या हॉलात एक कागद हलना नाय, बघा, असा काम व्हया. महिन्याभरात माका कायम केल्यान." ते माझ्याकडे बघायला लागले. "झिला, शेजारची माणसां दारोदार फिरत होती. कसो उघडतलंय?"

गोणपाटं, झारी, वाळ्याचे माठ, पुठ्ठ्याचा वारा. एवढी सगळी वर्षं. आणि मी समजत होतो, बाबांना हौस आहे.

"हॉल बंद करतायत, बाबा," मी म्हणालो. "तापतो म्हणून."

"आणि पोरां खय बसतली?"

"कुठेच नाही."

बाबांनी खुर्चीचे हात धरले आणि उठले. उठायला त्यांना आधार लागतो, पण तेव्हा त्यांनी मागितला नाही. "उद्या माका घेवन चल."

"जिना चढवणार नाही तुम्हाला. मी त्यांना सांगतो, कापून टाकतील."

"कापूक?" बाबा एकदम खवळले. "गाठ सोडूक येना नाय तेनी दोरी कापूची. तुका येता सोडूक?"

येत नव्हती. नाडीच्या गाठी माझ्या आईनेच सोडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाईंना आणि इंजिनियरला जिन्याखाली गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. गिरणी, सूत, गाठ, बाबा, प्लायवुड, माझी टिपणी. बाई भिंग हातात धरून ऐकत होत्या. मला वाटलं चिडतील, मूळ कारागीर म्हणता म्हणता लालबागचा शिपाई निघाला. त्या एवढंच म्हणाल्या, "मग शंभर वर्षं मुलं भाजत नव्हती. मी म्हणत होते ना?" इंजिनियर म्हणाला, "आणि मी म्हणत होतो, आता भाजतात." दोघंही जिंकले होते. हरलेला माणूस एकटा मी, आणि मी तोवर शिडी आणायला गेलो होतो.

बाबा जिना चढले. प्रत्येक चौकात खुर्ची ठेवायची, बसायचं, पुढचा टप्पा. सागवानी कठडा हाताने पुसत. इंजिनियरने तोवर मधल्या ओळीतले प्लायवुडचे तक्ते उतरवले होते. हॉलच्या मध्यावर कित्येक वर्षांनी आभाळाएवढी उंची दिसत होती, आणि तिथून बांधलेल्या दोऱ्यांचे फास खाली लोंबत होते. बाबांना त्यांच्याखाली बसवलं. बाई गुडघ्यावर बसून बघू लागल्या.

बाबांनी पहिली गाठ बोटांत घेतली, थोडी वाकवली, एक टोक उलटं आत ढकललं. गाठ सुटून पडली.

"परत दाखवा ना," बाई म्हणाल्या.

"पंधरा आसत," बाबा म्हणाले. "बघा हव्या तितक्या."

इंजिनियर वर माळ्यावर जाऊन फटींतलं सूत उपसू लागला. राखाडी गोळे खाली पडू लागले. बाबा एकेक गाठ सोडायचे आणि मी दोरी ओढायचो. काही झडपा कुरकुरत उघडल्या, तीन उघडल्याच नाहीत, एकीची कप्पी तुटून माझ्या खांद्यावर आली. दहावी की अकरावी उघडली असेल, तेवढ्यात टेबलावर ठेवलेले माझ्या इतिवृत्ताचे कागद उठले. आधी एक कोपरा, मग सगळे. आणि हॉलभर गेले.

मी कागदांमागे धावलो. बाबा खुर्चीतून ओरडले, "काय तरी वजन ठेव रे तेंच्यार!" मी वळून बघितलं. ते वर बघत होते, तोंड थोडं उघडं ठेवून, आणि त्यांच्या कपाळावरचे पांढरे केस हलत होते.

इंजिनियरने आपली बंदूक इकडे तिकडे रोखली. आकडा उतरत होता. एसीएवढा नाही, पण माणसं बसतील एवढा.

मे अखेरच्या बैठकीसाठी मी टिपणी तयार केली. 'सदर झडपा कालौघात बंद झाल्याचे आढळले.' घरी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, "काळाक हात नसतत. माझा नाव घाल." मी म्हटलं, कशाला, निरोप समारंभाचं काय. "घाल," ते म्हणाले. "आणि प्लायवुडाखाली तुझा." हे मात्र मला सुचलं नव्हतं. दोन्ही नावं घातली. प्राचार्यांनी ती वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि पुढच्या मुद्द्यावर गेले. बाईंच्या अहवालात त्या गाठीचं एक चित्र आहे. शेजारी लिहिलंय, 'गिरणी कामगाराची गाठ, संपानंतरची, सोडण्याची पद्धत पुढील पानावर.'

हॉलला कुलूप लागलं नाही. निदान पुढच्या उन्हाळ्यापर्यंत. पण अट अशी पडली की अडलेल्या झडपा दुरुस्त करायच्या, मग त्या रोज वाऱ्याप्रमाणे उघडायच्या, मिटायच्या, पाऊस आला तर सगळ्या मिटायच्या, आणि ह्यासाठी एक जबाबदार माणूस नेमायचा. शिपायांच्या जागा कधीच भरल्या जात नाहीत. टेबलाभोवती सगळे माझ्याकडे बघायला लागले.

त्यामुळे आता साडेचार वाजले की मी दोऱ्यांपाशी असतो. तेवढ्यात घरून फोन येतो. "वारो खयसून आसा?" मी अंदाजाने सांगतो. "नाय," बाबा लालबागच्या गॅलरीत बसून सांगतात, "पश्चिमेचो आसा. उजव्यो आठ उघड."

परवा एक मुलगी बाकावरून उठून माझ्याकडे आली. दहावीची असेल. हातात प्रश्नपत्रिकांचा गठ्ठा, तो छातीशी धरलेला.

"काका, वरचं जरा बंद करा ना. कागद उडतात."

मागून प्राचार्य जिना चढत होते. ते थांबले, हॉल बघितला आणि म्हणाले, "खरंय, जरा जास्तच उडतायत."

दोरी माझ्या हातातच होती. नुसतं टोक खुंटीवरून सोडून दुसऱ्या दोरीला अडकवायचं, दोन सेकंदांचं काम. माझे हात ते करायला निघालेसुद्धा होते. गाठ मारायला बाबांनी शिकवलंच आहे आता.

बाईंनी जपून ठेवायला सांगितलेल्या जुन्या कौलांचा ढीग कोपऱ्यात होता. त्यातला फुटका तुकडा मी उचलला, फुंकून धूळ काढली आणि त्या मुलीला दिला.

"हे ठेव कागदांवर," मी म्हणालो. "आणि सर, तुम्हाला एक देऊ का?"